कुही-भिवापूरच्या गावांचा दफ्तरखाना : काय गोळा करायचं, कसं जपायचं?

वैनगंगाकाठ:
रामराम मंडळी. कुही आणि भिवापूर तालुक्यातल्या गावांचा इतिहास त्याच गावांत जपून ठेवायचा, असं आम्ही काही जणांनी मनावर घेतलं आहे. एका ग्रामपंचायतीने वाचनालयातलं लोखंडी कपाट आणि एक संगणक दिला आहे. कामाला लागण्याआधी जाणत्या लोकांशी बोलावं म्हणून हा धागा.

नागपूर जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण भोसल्यांचं राज्य, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८७७ ची एम्प्रेस मिल असे टप्पे सांगतो. ग्रामीण भागाची पाळी आली की रामटेक आणि संत्री. आमच्या तालुक्याचं नाव कुणी घेतलंच तर उत्खननामुळे. मांढळला वाकाटकांचे ताम्रपट निघाले. अडमला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ ते १९९२ या काळात खणून तटबंदीचं प्राचीन नगर उजेडात आणलं. त्याच १९८८ च्या एप्रिलमध्ये गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे याच पट्ट्यातली गावं उठली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नगराची खापरं मोजून, धुऊन, नोंदवून ठेवली आहेत. आपल्या डोळ्यांदेखत उठलेल्या गावात पार कुठे होता, ढिवरांचा घाट कोणता, मातामाय कोणत्या झाडाखाली होती, हे पुनर्वसनाच्या सरळ गल्ल्यांत वाढणाऱ्या पोरांना दाखवायला एक साधा नकाशा नाही. मला हे सहन होत नाही.

जी गावं जागेवर आहेत तिथंही फार वेळ उरलेला नाही. मालगुजारी पाहिलेली, मोट हाकलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी.

चार गोष्टींपासून सुरुवात करावी असं मनात आहे: घरोघरचे कागद, जुने फोटो, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं आणि वावरांची नावं. मूळ वस्तू ज्याच्या त्याच्या घरी राहील, आपण प्रत घेऊ. वावरांची नावं मुद्दाम घेतली आहेत. सातबाऱ्यावर नुसता नंबर असतो, पण गावात नंबराने कुणी बोलत नाही. चिंचेचं वावर, खारीतलं वावर, वाघदेवाजवळचं, पाटाखालचं. झाड तुटलं, पाट बुजला तरी नाव राहतं. वावर विकून त्याचे प्लॉट पडले की मात्र तेही जातं, आणि उमरेड रोडच्या दोन्ही अंगांनी ते रोज होतं आहे.

सातबारावाला:
भाऊ, माझी नोकरी महसुलात गेली, म्हणून कागदांचं थोडं विस्ताराने लिहितो.

आपल्याकडचं दफ्तर समजून घ्यायचं तर आधी हे ध्यानात ठेवा की आपण मध्य प्रांतात होतो. पुण्याकडचे वतन, इनाम, कुलकर्णी हे शब्द घेऊन इथल्या कागदांत शिरलात तर काही हाती लागणार नाही. इथे मालगुजारी होती. गावचा शेतसारा मालगुजार गोळा करी, सरकारचा हिस्सा भरी आणि उरलेला ठेवी. ती पद्धत १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून संपली. त्याआधीच्या बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवला त्या वेळी, गावागावाची जी कागदपत्रं तयार झाली ती म्हणजे तुमची खरी खाण आहे.

दोन कागद आधी शोधा. एक निस्तार पत्रक. सरपण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, मुरूम, माती, दगड कुठला घ्यायचा, स्मशान कोणतं, ढोरफोडी कुठे, हे गावकऱ्यांचं मत घेऊन ठरवलेलं त्यात असतं. दुसरा वाजिब-उल-अर्ज. खाजगी जमिनीतून वाट कुणाची, तलावाचं पाणी कुणाला, मासोळी धरायचा हक्क कुणाचा, हे त्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही हे दोन्ही कागद कायम आहेत, कलम १६१ आणि १६५ पाहा. वनहक्काच्या दाव्यांत निस्तार पत्रक पुरावा म्हणून जोडतात. एवढंच नव्हे, वनहक्क नियमांत दावेदार सोडून गावातल्या इतर वयस्कांचं लिहून घेतलेलं निवेदनसुद्धा पुराव्यात धरलं आहे. म्हणजे म्हाताऱ्यांचं बोलणं नीट लिहून ठेवणं हे हौसेचं काम नाही, गावाच्या कामी येणारी गोष्ट आहे.

तिसरा म्हणजे कोतवाल बुक. गावात जन्म झाला, मरण झालं की कोतवाल पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करवी. आज लोक जातीच्या दाखल्यासाठी त्याची नक्कल काढतात आणि पान मिटवतात. पण एखाद्या गावाची सलग काही वर्षांची पानं एकत्र वाचली तर पटकीची साथ कोणत्या महिन्यात आली, कोणत्या मोहल्ल्यात किती लेकरं गेली, सगळं समोर येतं. एका ओळीत एक मरण, अशी पानंच्या पानं. वाचताना मन घट्ट करावं लागतं.

उठलेल्या गावांसाठी भूसंपादनाचे निवाडे मागा. मोबदला ठरवायला घरं, विहिरी आणि झाडं मोजली जातात. कुणाच्या धुऱ्यावर (बांधावर) किती मोहाची झाडं, किती आंबे, विहीर बांधीव की कच्ची, हे त्यात सापडेल. पैशाच्या हिशेबासाठी केलेली यादी आहे, पण बुडालेल्या शिवाराची एवढी तपशीलवार नोंद दुसरी मिळायची नाही.

तहसिलीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. त्याहून जुनं काही हवं असेल तर नागपूरच्या सरकारी पुराभिलेखागारात जा. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होती, त्यामुळे जुन्या प्रांताचं बरंच दफ्तर इथे आहे. १९०८ चं रसेल यांचं नागपूर जिल्हा गॅझेटिअरही सोबत वाचा. साहेबाच्या नजरेतून आहे, तरी पिकांचा, बाजारांचा अंदाज येतो.

सातऱ्यावरची लेक:
वर सगळं वाचलं. फार मोलाचं आहे. पण माझी आई यातल्या कोणत्याच कागदात नाही.

भिवापूरकडे मिरचीचे सातरे लागतात हे इथल्या काहींना माहीत असेल. वाळलेली मिरची ढिगाने पसरलेली आणि बाया ओळीने बसून देठ खुडताहेत. मजुरी किलोवर. जितकी खुडाल तितके पैसे, म्हणून जेवायलाही कुणी पुरतं उठत नसे. नाकातोंडाला पदर बांधलेला, तरी ठसका थांबत नाही. हाताची आग रात्री झोपू देत नाही आणि त्याच हातांनी लेकराला घ्यायचं असतं. भिवापुरी मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे. तिचा लाल रंग, तिची जाड साल यावर बोललं जातं, शेतकऱ्याचा फोटोही येतो. खुडणाऱ्या बाया कुठेच नाहीत.

तुमच्या चार गोष्टींत "म्हाताऱ्या माणसांचं बोलणं" आहे. ते गोळा करायला तुम्ही कुठे जाल? पारावर, देवळात, ग्रामपंचायतीसमोर. बाया तिथे बसत नाहीत. त्या भेटतील दुपारी तीनच्या सुमारास, अंगणात, काहीतरी निवडत असताना. आणि घरातला माणूस शेजारी बसला असेल तर "आमाले काय समजते बापू, त्यायले इचारा" एवढंच म्हणतील. विचारायला बाईच जायला हवी, आणि एकदा जाऊन भागणार नाही.

विचारण्यासारखं किती आहे! रोवण्याला (धानाच्या लावणीला) गुडघाभर चिखलात कोणती गाणी म्हणायच्या. भुलाबाईची कोणती. बियाणं राखेत ठेवायचं की कडुनिंबाच्या पाल्यात. धान कमी पडलं त्या सालात चुलीवर काय शिजलं. बाळंतपण कुणी केलं. पहिल्यांदा स्वतःच्या हातात मजुरी कधी आली आणि तिचं काय घेतलं. बियाण्याबद्दल तर बायांइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

मोहफूल:
ताईनं बराबर सांगतलं. मी त म्हनतो सालदारायचंबी लिवा. आमच्या आबाजीची उभी जिनगी सालदारकीत गेली. पाडव्याले साल ठरे. किती जवारी, किती नगदी, एक धोतर, एक जोडा, समदं तोंडी. कागद नाई अन् सईबी नाई. वावर मालकाच्या नावानं, पन कोनत्या धुऱ्याखाली पानी मुरते, कोनत्या तासाले वखर अडकते, कोनत्या कोपऱ्यात पऱ्हाटी पिवळी पडते, हे आबाजीलेच ठाऊक राहे. मालक वावरात याचा तवा आबाजीले इचारूनच पेरनीचं सांगे.

तुमी वावराचं नाव लिवान त त्या वावरात कोन राबलं त्याचंबी नाव लिवा. नकाशावर दोनी पाह्यजे.

वैनगंगाकाठ:
मोहफूल भाऊ, हे मी तुमच्या शब्दांत तसंच उचलतो. वावरांच्या वहीत आता रकाने असे करू: लोकांच्या तोंडचं नाव, नंबर, मालक, कूळ आणि राबणारे. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद अपुरी धरायची.

ताई, बायांकडे जायला बचत गटातल्या दोघी तयार आहेत. तुमचे प्रश्न त्यांना जसेच्या तसे देतो. तुम्ही एकदा त्यांच्यासोबत बसाल का?

धानाची_बांधी:
एक अडचण मांडतो, राग मानू नका. आमच्या गावात जमिनीचे वाद कोर्टात आहेत. अमक्याच्या वावरात तमका राबत होता असं गावाच्या कपाटात लिहून ठेवलं तर उद्या तो कागद घेऊन कुणी कोर्टात उभा राहणार नाही का? निम्मे लोक या भीतीनेच तोंड उघडणार नाहीत.

सातबारावाला:
भीती खोटी नाही. आपली वही म्हणजे हक्कनोंद नव्हे, तिच्यावरून कुणाचं नाव सातबाऱ्यावर चढत नाही. पण लिहिलेल्या गोष्टीचा साक्ष म्हणून कुणी वापर करू पाहील, हे नाकारता येत नाही. मार्ग असा सुचतो की राबणाऱ्यांची नावं मागच्या पिढीपर्यंतच घ्या, ज्या वावरावर दावा चालू आहे ते तूर्त वगळा, आणि प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचं नाव व तारीख घाला. "गावाने सांगितलं" असं कधीही लिहू नका. कुणी सांगितलं, तेच लिहा.

कागदवेडा:
माझा अनुभव जुन्या कागदांचा, म्हणून त्यातलं सांगतो.

पहिलं म्हणजे लॅमिनेशन अजिबात नको. पान कायमचं अडकतं आणि आतल्या आत खराब होतं, परत सोडवता येत नाही. फाटक्या कागदाला चिकटपट्टीही लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून अक्षरं खातो. टाचण्या, पिना हळूच काढा, त्यांचा गंज कागद भोकाळतो. कपाट भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते, आणि पायाखाली उधळी (वाळवी) लागली तर पत्ताच लागत नाही. दर महिन्याला सगळं बाहेर काढून पाहणं हाच सगळ्यात चांगला उपाय. हात धुऊन, कोरडे करून पानं हाताळा. हातमोज्याने बोटांना कागद कळत नाही आणि कडा फाटतात. फोटो मात्र कडेलाच धरा.

बासनातले, म्हणजे फडक्यात बांधलेले, कागद सोडले की लगेच तारखेने लावायचा मोह होतो. थांबा. आधी जसे बांधले होते त्याच क्रमाने फोटो घ्या. कोणता कागद कोणत्या कागदात गुंडाळून ठेवला होता, यातूनही घराचा व्यवहार कळतो.

मोबाईलने फोटो घ्यायचा तर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, बरोबर वरून. कागदाची मागची बाजूही घ्या. शेरे, हिशेब, कधी कधी मुलांनी काढलेली चित्रं तिथेच असतात. स्कॅनर मिळाला तर कागदाला ३०० आणि फोटोला ६०० डीपीआय. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत जपण्याच्या कामाची नाही, ते चित्र बारीक करून टाकतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. वीज पडून संगणक जळाला म्हणून सगळं गेलं, असं होऊ नये.

आवाज घेताना फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद. सुरुवातीलाच कोण, कुठे, कोणती तारीख हे बोलून ठेवा. आणि उतरवून काढताना बोली शुद्ध करू नका. कुही-भिवापूर म्हणजे झाडीपट्टीची शीव. "मले", "तुले", "रायते" यांचं पुस्तकी मराठी केलंत तर माणूसच पुसला जाईल. वर मोहफूल भाऊंनी लिहिलंय तसंच ते राहायला हवं.

पंचशील_कुही:
कोतवाल बुकावर मला बोलायचं आहे.

जन्ममृत्यूची खबर ठाण्यापर्यंत पायी नेणारा कोतवाल आमच्याकडे बहुधा महार समाजातला असे. गावभर कोण जन्मलं, कोण मेलं हे त्याच्या तोंडून दफ्तरात गेलं. पुस्तकाला नाव त्याच्या पदाचं आहे, त्याचं स्वतःचं मात्र कुणाला आठवत नाही. तुमच्या कपाटात पहिली यादी करायची असेल तर गावच्या कोतवालांची करा.

दुसरं जपून लिहितो. त्या पुस्तकात प्रत्येक ओळीत जात आहे, आणि तेव्हाच्या भाषेत आहे. ही पानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकू नका. कुणाच्या आजीच्या नावापुढे काय लिहिलंय हे शेजाऱ्याने मोबाईलवर वाचून दाखवावं यासाठी आपण इतिहास जपत नाही. ज्याच्या घराची नोंद आहे त्याला ती मिळावी, अभ्यासकाला परवानगीने पाहता यावी, बाकीच्यांना आकडे पुरे आहेत.

आणि तिसरं, १४ ऑक्टोबर १९५६. त्या दिवशी नागपूरला दीक्षेसाठी आपल्या गावांतून माणसं गेली. कुणी बंडीने, कुणी पायी, भाकरी बांधून. नागपुरातल्या सोहळ्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. पण परत आल्यावर गावात काय झालं? घरातले देव कधी, कुणी शिरवले (पाण्यात सोडले)? मेलेली ढोरं ओढायचं काम थांबवलं तेव्हा गावाने काय केलं? विहिरीवर काय झालं? हे सांगणारे आता ऐंशीच्या पुढे आहेत. सगळ्यात आधी त्यांच्याकडे चला. तुमच्या दफ्तरखान्यात हे येणार नसेल तर तो फक्त वाड्याचा दफ्तरखाना होईल.

वैनगंगाकाठ:
येणार. आणि आधीच येणार. कागद अजून काही महिने टिकतील. माणसांचं तसं सांगता येत नाही. म्हणून पहिला हंगाम फक्त बोलणं नोंदवायचा. त्यातही पहिली नावं तुम्ही सांगितलेल्या लोकांची आणि सातऱ्यावरच्या बायांची. कोतवाल बुकाबद्दल तुमचा नियम मान्य आहे, कपाटावर लिहूनच ठेवतो.

बर्डीवरून:
मला वाटतं मूळ कागद गावात ठेवणं धोक्याचं आहे. ग्रामपंचायतीत सत्ता बदलली की कपाटाची किल्ली बदलते. नागपुरात सरकारी पुराभिलेखागार आहे, विदर्भ संशोधन मंडळ आहे, विद्यापीठ आहे. तिथे सोपवा, अभ्यासकांनाही सोयीचं.

कागदवेडा:
मोडी बासनं, बंदोबस्ताचे जुने नकाशे हाती आले आणि घरमालकाची इच्छा असेल तर जरूर सोपवावेत. तिथे सांभाळायची सोय आहे. पण सगळंच नागपूरला नेलं तर गावच्या माणसाला आपल्याच आजोबांचा कागद पाहायला एक दिवसाची मजुरी बुडवून, भाडं खर्चून यावं लागेल. तो येणार नाही. प्रत गावात हवीच.

पंचशील_कुही:
किल्लीचा प्रश्न खरा आहे. एका माणसाकडे देऊच नका. पाच जणांची समिती, त्यात निदान दोन बाया, आणि मोहल्ले वेगवेगळे. ग्रामसभेत ठराव घ्या म्हणजे सरपंच बदलला तरी ठराव राहतो.

छोटी_लाइन:
गाडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. इतवारी ते नागभीड ही छोटी लाइन (नॅरोगेज) १९०८ पासून कुही, उमरेड, भिवापूरवरून जायची. २०१९ च्या नोव्हेंबरात मोठ्या लाइनच्या कामासाठी बंद झाली. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, इंजिनं छान जपली आहेत. पण त्या डब्यात काय काय बसून जायचं ते तिथे नाही. भाजीचे गठ्ठे, मिरचीची पोती, कॉलेजची पोरं, मेडिकलला निघालेलं पेशंट आणि त्याच्यासोबत अर्धं घर. आमच्या गावची कितीतरी लग्नं त्या गाडीच्या वेळेवर ठरायची. जुनी तिकिटं, पास, फलाटावरचे फोटो लोकांच्या घरी नक्की असतील. तेवढं तुमच्या यादीत घाला. लाइनवर काम केलेले गँगमनसुद्धा गावातच राहतात.

भिवापूरचे_गुरुजी:
शाळांचं दाखल-खारीज रजिस्टर कुणी सुचवलं नाही. त्यात मुलगी किती वर्गांनंतर शाळेतून काढली आणि "कारण" या रकान्यात काय लिहिलं, ते वाचा. रोवण्याच्या दिवसांत हजेरीपट पाहा. पंचशील भाऊंनी कोतवाल बुकासाठी सांगितलेला नियम यालाही लावावा लागेल.

आणि वावरांच्या नावांचं काम सातवी-आठवीच्या पोरांना द्या. आजोबांना घेऊन शिवारात फिरायचं आणि मोठ्या कागदावर नकाशा काढायचा. पोरं आजोबांना असे प्रश्न विचारतात जे आपल्याला सुचत नाहीत. माझ्या शाळेपुरतं मी दिवाळीच्या सुट्टीआधी करून घेतो.

सातऱ्यावरची लेक:
हो, मी येते बचत गटातल्या बायांसोबत. एकच अट. नोंदवलेला आवाज आधी त्या बाईला ऐकवायचा, आणि ती म्हणाली "हे काढा" तर काढायचं. कारण विचारायचं नाही.

वैनगंगाकाठ:
मान्य, ताई. हाच नियम सगळ्यांना लावू, माणसांनाही.

तर सध्या ठरलं ते असं. सुरुवात एकाच पुनर्वसित गावापासून. गुरुजींकडे शिवाराचा नकाशा, ताईंकडे बाया, पंचशील भाऊंकडे छप्पनच्या आठवणी. सातबारावाले काकाजी, निवाड्याच्या नकलेचा अर्ज कसा लिहायचा तेवढा नमुना इथे टाका. छोटी लाइनचं काम भिवापूरकडे कुणी घेतलं तर बरं होईल. आणि एका घरात मोडीतलं बासन निघालं आहे, मालकाने फोटो घ्यायला होकार दिला आहे. इथे कुणी मोडी वाचतं का?

सातबारावाला:
नमुना उद्या टाकतो. गावाचं जुनं नाव, तहसील आणि प्रकरण क्रमांक मिळाला तर तोही लिहा. क्रमांक नसेल तर मोबदला घेतलेल्या कुणाच्याही घरी नोटीस असेल, तिच्यावर सापडेल.

मोडीवाचक_महाल:
मी वाचते. पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात शिकले आहे. भोसलेकाळातलं नागपुरी वळण थोडं वेगळं लागतं, वेळ द्यावा लागेल. पानं क्रमाने पाठवा, मागच्या बाजूंसकट.